बोंडातली सोळावी सरकी

नागपुरात कॉटन मार्केट आहे. तिथे मेथी मिळते, पालक मिळतो, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी मिळते. कापूस मिळत नाही. मेट्रोच्या स्टेशनालाही तेच नाव दिलंय. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला जिथे एम्प्रेस मिल सुरू केली, तिथे आता मॉल आहे, आणि तिथल्या दुकानात टांगलेला शर्ट कुठल्या कापसाचा आहे हे विकणाऱ्या पोरालाही सांगता येत नाही. तरीही कापसाचं फूल ज्यांना आतून-बाहेरून कळतं अशी माणसं याच शहरात बसतात. वर्धा रोडला पांजरीत केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून. शहर आणि ती संस्था यांच्यात मात्र फारसं बोलणं होत नाही.

कापसावर आपण बोलतो ते दोनच वेळा. दिवाळीनंतर भावाबद्दल आणि बोंडअळी आली की बोंडअळीबद्दल. दोन्ही विषय मोठे आहेत, मला ते हलके करायचे नाहीत. पण मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला एक तिसराच प्रश्न छळतो. शेतकऱ्याला बियाणं कोणत्या जातीचं द्यायचं, संकरित (दोन वेगळ्या वाणांच्या मेळातून आलेलं) की सरळ (एकाच वाणाचं), हे कोणी ठरवलं? विधानसभेत त्यावर चर्चा झाल्याचं आठवत नाही, ग्रामसभेत तर नाहीच. आणि सध्याची अर्धी कटकट त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघाली आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी फुलाकडे बघू. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधी-पिवळसर असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं, मिटतं, मग वाळून गळतं. म्हणजे मुहूर्त एका सकाळचा. पुंकेसर आणि कुक्षी एकाच फुलात, आणि पुंकेसरांची नळी तर कुक्षीच्या दांड्याला चिकटून उभी. परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी आली तर शेजारच्या झाडाचे चार कण आणून टाकते. नाही आली तरी फुलाचं अडत नाही, ते आपल्याच परागाने फळतं. शेतात माश्या किती आहेत त्यावर प्रमाण बदलतं, पण सर्वसाधारण शेतात शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव सरक्या आपल्याच घरच्या परागाच्या असतात.

याच्या उलट मका. तुरा वर, कणीस खाली, पराग वाऱ्यावर. बाजरीत तर कुक्षी आधी बाहेर येते आणि पराग नंतर फुटतो, जेणेकरून स्वतःशीच लग्न लागू नये. अशा पिकांना सारखं घरातल्या घरात जुळवलं तर ती खुरटतात, आणि दोन वेगळ्या घराण्यांचा संकर केला की जोमाने येतात. तिथे संकरित बियाणं निसर्गाच्या कलानेच जातं. कपाशी तशी नाही. ती पिढ्यान् पिढ्या स्वतःत रमणारी आहे. सरळ वाणाची सरकी थोडी निगराणी ठेवून जपली तर चार-पाच वर्षं आई तशी लेक निघते.

असं असूनही भारतातली जवळजवळ सगळी कपाशी आज संकरित आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर संकरित कापूस पेरणारा दुसरा देश नाही. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया सरळ वाण पेरतात. बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक, त्यांच्याकडेही आहे, पण सरळ वाणातलं बीटी.

आपण संकराकडे वळलो ते बीटीच्या कितीतरी आधी. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. ते काम मोठंच होतं, त्यात खोट काढायची माझी पात्रता नाही. पण संकरित सरकी तयार कशी होते ते एकदा बघावं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढायची, कुक्षीला धक्का न लावता. दुसऱ्या सकाळी नराच्या फुलाचा पराग त्या उघड्या कुक्षीवर हाताने फिरवायचा, ओळखीला दोरा बांधायचा. मग पुढची कळी. मी एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटात साधारण पाच हजार सरक्या, एका बोंडात पंचवीस-तीस. म्हणजे एका पाकिटामागे दोनशेच्या आसपास फुलं कोणीतरी नखाने सोललेली असतात. गुजरात, आंध्र, कर्नाटकातल्या बीजोत्पादनाच्या शेतांत ही नखं किती वर्षं लहान मुलींची होती, यावर बरंच लिहून झालं आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर हे पीक असं पिकवणं आपल्यालाच परवडलं, कारण आपल्याकडे ती मजुरी स्वस्त होती.

आता एक गैरसमज. काटोलकडे माझ्या मोठ्या बहिणीचं सासर आहे. तिथे पारावर हमखास ऐकू येतं, “बीटीची सरकी उगवतच नाही, कंपनीनं वांझ करून ठेवलीय.” हे खोटं आहे. सरकी उगवते, चांगली उगवते. फक्त आईसारखी निघत नाही. संकराच्या पोटची पुढची पिढी फुटते, एखादं झाड उंच, एखादं बुटकं, एखादं लवकर येणारं, एखादं उशिरा. जोम ओसरतो. म्हणून दरवर्षी दुकानात जावं लागतं. कायद्याने शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायची, पेरायची, वाटायची, ब्रँडचं नाव न लावता विकायचीसुद्धा मोकळीक आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचं ते कलम जगात फार थोड्या देशांकडे आहे. पण कायद्याने उघडं ठेवलेलं दार संकराने आतून लावून घेतलं. त्यासाठी वांझ बियाण्याची गरजच नव्हती.

इथपर्यंतचं म्हणणं अनेकांनी मांडलं आहे. मला खरं सांगायचं आहे ते बोंडाच्या आतलं.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती तीन संकरित वाणांच्या रूपात. २००६ मध्ये दोन जनुकांची बीजी-२ आली. संकर करताना सहसा आई-बापापैकी एकाकडेच ही जनुकं असतात. त्यामुळे शेतात उभ्या प्रत्येक झाडाकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. झाडाच्या पानात विष असतं, तिथवर ठीक. पण त्या झाडाचं फूल आपल्याच परागाने फळतं आणि बोंडात जी सरकी भरते ती पुढची पिढी असते. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेली वाटणी तिथे होते. दोन जनुकांचा हिशेब ९:३:३:१. सोळा सरक्यांमागे नऊंत दोन्ही विषं, तीनमध्ये फक्त पहिलं, तीनमध्ये फक्त दुसरं, आणि एक सरकी अगदी कोरी.

आणि गुलाबी बोंडअळी खाते काय? पानं नाही. ती फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, बोंडाला पडलेलं भोक बुजून जातं, आणि आत बसून सरकी खाते. एका बोंडात तीस सरक्या धरल्या तर दोनेक कोऱ्या, अकराएक अर्ध्या विषाच्या, बाकी पूर्ण विषाच्या. अळीसाठी हे ताटच वाढून ठेवलेलं. थोडं विष, थोडं बिनविषाचं, थोडं अर्धं. जी अळी थोडंफार सोसू शकते ती अशा ताटावर जगते, पतंग होते आणि आपल्यासारखीच जोडीदारीण शोधते. प्रतिकार वाढवायची शाळा काढायची म्हटली तर तिची रचना अशीच करावी लागेल. पहिल्या जनुकाला गुलाबी अळी गुजरातेत दहा वर्षांच्या आतच पुरून उरली, पुढे दुसऱ्यालाही. २०१७ ला विदर्भाने काय पाहिलं ते वेगळं सांगायला नको. डोमकळ्या म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुलं, किडकी बोंडं, कवडी म्हणजे खराब झालेला कापूस.

हेच जनुक सरळ वाणात असतं तर झाडाकडे दोन्ही प्रती असत्या आणि बोंडातली प्रत्येक सरकी विषारी निघाली असती. अळी तरीही कधी ना कधी शिकली असती, कीटक शिकतातच. पण आपण शिकवणी लावून दिली.

इथे एक दाखला माझ्या विरोधात जातो, तो लपवून चालणार नाही. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटीची दुसऱ्या पिढीची स्वस्त सरकीच पेरली. वाटणी शेतातल्या झाडांमध्येच झाली, सुमारे चौथा हिस्सा झाडं पूर्ण बिनविषारी निघाली, आणि त्या झाडांवर साध्या, न शिकलेल्या अळ्या भरपूर वाढल्या. त्यांच्याशी जोड्या लागून प्रतिकार करणाऱ्यांचं रक्त पातळ होत गेलं आणि तिथे गुलाबी अळीचा प्रतिकार चक्क खाली आला. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. मग वाटणी चांगली की वाईट? एकाच बोंडात विष आणि बिनविष शेजारी ठेवणं वेगळं आणि शेतात पूर्ण बिनविषारी झाडं उभी असणं वेगळं, असं मला वाटतं. आपल्याकडेही अशी झाडं लावायचा नियम होता. बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी यायची, बांधाने लावायला. भाऊजींना मी एकदा विचारलं, ती पुडी कुठाय. म्हणाले, “फेकून देल्ली. अळ्या पाळाले जागा कायले देऊ मास्तर? मले शाळा काढाची हाय का?” त्यांचं चूक म्हणवत नाही. पतंगांची लग्नं कशी लागावीत याचा त्या पुडीशी काय संबंध, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुडीवर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथे सरळ वाणाचं बीटी होतं, आणि जोडीला विमानातून सोडलेले कोट्यवधी नपुंसक केलेले पतंग. मादी अशा नराशी जुळली की अंडी वाया. त्यांनी झाडाच्या आणि किड्याच्या दोघांच्याही लग्नाचा विचार एकत्र केला. आपण झाडाचं लग्न बाजारावर सोडलं आणि किड्याचं देवावर.

संकराची दुसरी किंमत जागेत मोजावी लागते. पाकीट नऊशे रुपयांच्या घरात. त्यामुळे सरकी मोजून टोबावी लागते, लांब लांब, एकरी पाच-सहा हजार झाडं. झाड मोठं होतं, फांद्या पसरतात, बोंडं टप्प्याटप्प्याने लागतात, पीक सहा महिने आणि फरदड धरली, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं पुढे राखली, तर त्याहून लांबतं. उशिराची बोंडं म्हणजे गुलाबी अळीचं हिवाळ्यातलं घर. सरळ वाण पेरणाऱ्या देशांत एकरी चाळीस हजारांच्या आसपास झाडं असतात, बुटकी, प्रत्येकाला मोजकी बोंडं, आणि ती जवळपास एकदमच फुटतात. संकराचा जोम एका झाडावर दिसतो, पीक मोजायचं असतं एकरावर. आपला देशाचा उतारा हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घोटाळतोय, ब्राझीलचा त्याच्या चौपट. कोरडवाहूचं कारण पुढे केलं जातं. ते खरंही आहे, विदर्भातली बहुतेक कपाशी पावसावरच आहे. पण ब्राझीलचाही बराचसा कापूस पावसावरच येतो.

बीटी आल्यावर उतारा वाढला हे मी नाकारत नाही. २००१-०२ ला तीनशेच्या आसपास होता, २००७-०८ ला साडेपाचशेवर गेला. फवारण्या कमी झाल्या, माणसं विषबाधेतून वाचली. भाऊजींच्या घराला पक्कं छत त्याच काळात पडलं. पण तो फायदा जनुकाचा किती, खताचा किती, पावसाचा किती आणि संकराचा किती, हे नीट वेगळं करणं अवघड आहे, कारण जनुक संकराशिवाय विकतच मिळत नव्हतं. त्यात गंमत अशी, की पहिल्या बीटी जनुकाचं भारतात पेटंटही नव्हतं. सरकारी संस्थांना ते सरळ वाणात घालायला कायद्याची आडकाठी नव्हती. २००८ मध्ये तसा एक सरळ वाण, बीकानेरी नर्मा बीटी, आलाही. त्यात खासगी कंपनीचं जनुक मिसळल्याचं निघालं आणि तो मागे घ्यावा लागला. त्या नामुष्कीने बरीच वर्षं वाया गेली. नंतर रजत बीटी, सूरज बीटी असे सरळ वाण तयार झाले. दुकानात जाऊन मागून बघा.

मी मागितले. दुकानदार माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्याकडे पोहे मागितले असावेत.

त्याचाही दोष नाही. सरळ वाणाचं पाकीट एकदा घेतलेलं गिऱ्हाईक तीन वर्षं परत येत नाही. अशा मालात कंपनी का पडेल, दुकानदार तो का ठेवेल? म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशाचं आहे. अकोल्याला महाबीज हे राज्याचं बियाणे महामंडळ आहे, कृषी विद्यापीठ आहे. रजत, एकेए-७ असे सरळ वाण त्याच विद्यापीठाने दिले. माझी मागणी साधी आहे. कृषी खात्याने दर हंगामात सरळ बीटी आणि देशी वाणांचं बियाणं ठरलेल्या प्रमाणात प्रत्येक तालुक्यात पोचवावं, नुसतं प्रात्यक्षिकाच्या प्लॉटपुरतं नको. आणि पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरात छापावं: संकरित की सरळ, किती दिवसांचं, घरची सरकी पेरता येईल की नाही. सिगारेटच्या पाकिटावर एवढं मोठं चित्र छापता येतं, तर हे का नाही?

काही जण म्हणतात, अमेरिकन शेतकरी सरळ वाण असूनही दरवर्षी बी विकतच घेतो. बरोबर. त्याच्यावर पेटंट आणि करार असतात. आपल्या शेतकऱ्यावर ते नाहीत, आणि त्याच फरकाचा उपयोग करून घ्या असं मी म्हणतोय.

देशी कपाशीबद्दल दोन ओळी. तिच्यात २६ गुणसूत्रं, अमेरिकन जातीत ५२. त्यामुळे शेजारच्या बीटी शेतातून पराग आला तरी सहसा बी धरत नाही. देशी आपली शुद्ध राहते, काही न करता. रस शोषणाऱ्या किडींना ती बरीच दाद देत नाही, हलक्या जमिनीतही तग धरते. धागा आखूड म्हणून तिला भाव नाही. पण एकेकाळी याच भागातल्या हिंगणघाटच्या देशी कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात होतं, तेव्हा आखूडपणा काही तिच्या नशिबात लिहिलेला नाही.

जाता जाता संत्र्याचं. नागपूरकरांना कपाशीपेक्षा संत्र्याचा अभिमान जास्त, आणि संत्रं या बाबतीत अगदीच वेगळं आहे. संत्र्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात, आणि त्यातले बरेचसे परागाशी संयोग न होताच, आईच्या पेशींतून तयार होतात. म्हणजे लेकरू आईची नक्कल. वर आपण जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून कलमं करतो. वरुड-मोर्शीपासून काटोलपर्यंतच्या बागा म्हणजे जवळजवळ एकच झाड, लाखो ठिकाणी उभं. चव सारखी, आणि डिंक्या रोग आला की मरणही सारखं. तिकडे लग्नच नाही, इकडे दरवर्षी नवं लग्न. दोन्हीकडे मुखत्यारी शेतकऱ्याची नाही. संत्र्यात ती रोपवाटिकावाल्याची, कपाशीत कंपनीची. संत्र्यावर वेगळं लिहावं लागेल.

सरळ वाण आणला तरी एक अडचण उरते, आणि ती मुंबई-दिल्लीत बसून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. सोयाबीन, तूर, हरभऱ्यात दाणा म्हणजेच बी, चार पायल्या बाजूला काढल्या की झालं. कापसात शेतकरी विकतो रुई आणि सरकी एकत्र. सरकी वेगळी होते जिनिंगमध्ये, शे-दोनशे गावांचा माल मिसळून, आणि तिथून तेलाला आणि ढेपेला जाते. म्हणजे घरचं बी राखायची मुभा असूनही घरात बीच उरत नाही. पूर्वी गावात सरकी काढायचे हाताचे रेचे होते. सरकी शेण-मातीत चोळून वाळवली की ती तिफणीच्या सरत्यातून सरसर उतरायची. ते गेलं. आता पंचायतीगणिक, निदान पाच-दहा गावांत मिळून एक लहान जिन लागेल, जिथे आपला दोन क्विंटल कापूस वेगळा रेचून सरकी परत आणता येईल. सरकी तंतुमुक्त करायची सोय आणि उगवणशक्ती तपासायला एक माणूस. हा खर्च बोंडअळीच्या एका वर्षाच्या नुकसानभरपाईपेक्षा जास्त येईल असं मला वाटत नाही.

भाऊजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं फूल-बिल समदं खरं मास्तर. पन पेरनीच्या दिवशी दुकानात जे भेटते तेच पेरतो आपुन. तुमी दुकानात आना, मी पेरतो.” याच्या पुढे मला उत्तर नव्हतं. चेंडू त्यांनी सरळ पांजरीच्या आणि मंत्रालयाच्या अंगणात टाकला होता.

मागच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, ताईचं देवकापसाचं झाड आहे. वर्षानुवर्षं तिथेच. संध्याकाळी ती पायरीवर बसून वातींसाठी बोंडं सोलत होती. बोटाने सरकी काढायची, रुई मांडीवर वळायची. सरक्या ती पदराखालच्या बामच्या रिकाम्या डबीत टाकत होती. मी विचारलं, कशाला? म्हणाली, “जुनं झाड हाय, वाळलं तर? धाकट्या सुनेनंही मागितल्या हायेत.” बाहेर आठ एकर कपाशी उभी होती. घरातली राखलेली सरकी तेवढीच, डबीतली.